वाठोड्याच्या कूलरवाल्याकडून कॅनूची टोकं करून घेतली, त्याचा अनुभव

नागपुरात किंवा आसपास कोणाकडे फायबरची कॅनू (वल्ह्याने चालवायची, दोन्ही टोकांना निमुळती लांबट नाव) किंवा छोटी होडी असेल आणि तिची टोकं तळाशी घासून आतले धागे दिसू लागले असतील, तर हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. गेल्या ऑगस्टात माझ्या कॅनूची दोन्ही टोकं मी वाठोड्याकडच्या एका फायबरवाल्याकडून नव्याने करून घेतली. हे भाऊ होड्या बनवत नाहीत, कूलरच्या बॉड्या बनवतात. काम कसं झालं ते लगेच कळत नाही, म्हणून हिवाळाभर नाव वापरली आणि आता लिहायला बसले. पाचपैकी चार गुण देते. एक गुण का कापला तेही सांगते.

आधी नावेबद्दल. १५ फुटांची, साधी मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि पॉलिस्टर रेझिनची (चटईत मुरून घट्ट होणारा चिकट द्रव), वरून पांढरा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. २०१९ मध्ये पुण्याहून बदली होऊन चाललेल्या एका कुटुंबाकडून घेतली. शाळेतल्या वजनकाट्यावर ३४ किलो भरली. मी भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी भाच्याला घेऊन पाण्यावर जाते. कधी रामटेकजवळ खिंडसीला, कधी कामठीला जिथे कोलार, पेंच आणि कन्हान एकत्र येतात तिथे, आणि सगळ्यात जास्त भंडाऱ्याकडच्या मामा तलावांवर. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना आधी विचारून घेतो, ते कधी नाही म्हणत नाहीत.

टोकं झिजतात म्हणजे नेमकं कुठे, हे आधी नीट पाहून घ्या, कारण मी पहिली चूक तिथेच केली. मला वाटायचं अगदी पुढचं नाक झिजत असेल. तसं नाही. तळ दोन्ही बाजूंना थोडा वर वळलेला असतो, त्यामुळे काठावर लागताना नाकाच्या मागे वीतभर अंतरावरची जागा आधी टेकते. आणि पुढचा माणूस उतरून नाव ओढायला लागला की पुढचा भाग उचलला जातो आणि मागे बसलेल्याचं, सामानाचं, नावेचं सगळं वजन मागच्या टोकाखाली तळहाताएवढ्या जागेवर येतं. आमचं मागचं टोक पुढच्यापेक्षा दुपटीने झिजलेलं होतं. त्यात तलावाच्या पाळीला आतून दगडांचं पिचिंग, म्हणजे रचलेलं अस्तर असतं. त्या दगडांवर नाव वर घेतली की खर्रर्र असा जो आवाज येतो, तो माझ्या दातांत जातो.

आपल्याकडची वाळूही सोपी नाही. नागपूर अशा जागी वसलंय जिथे दख्खनचा काळा बेसॉल्ट संपतो आणि पूर्वेला जुने, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नाइस आणि शिस्ट हे खडक सुरू होतात. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, आणि कन्हानच्या वाळूत मात्र पांढरेशुभ्र गारगोटीचे कण. गारगोटीची कठीणता दहापैकी ७, साध्या काचेची साडेपाचच्या आसपास. जेलकोट तर काचेहून कितीतरी मऊ. म्हणजे प्रत्येक वेळी काठाला लागताना आपण नाव पॉलिश पेपरवरून ओढत असतो.

मागच्या वर्षीच्या होळीच्या सुमारास नाव उलटी करून धुतली तेव्हा मागच्या टोकाला पिंपळाच्या पानाएवढा जेलकोट गेलेला दिसला. आतली मॅट उघडी पडली होती. हात फिरवला तर धागे टोचले. उन्हात ठेवल्यावर बाकी तळ अर्ध्या तासात सुकला, पण तेवढं पान दुपारपर्यंत काळपट ओलं राहिलं. धाग्यांवाटे पाणी आत शिरत होतं.

त्यावर पहिला उपाय केला तो बाहेरून मागवलेल्या तयार किटचा. नाव सांगत नाही. आत केव्हलरच्या जाड फेल्टचे दोन तुकडे, रेझिन, हातमोजे. टपाल आणि कस्टम धरून तेरा हजारांवर गेलं. केव्हलर हे नाव ऐकूनच मी भारावले होते. १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधलेला धागा, बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटात वापरतात, मग गोट्यांचं काय! पण गोळी अडवणं आणि घासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केव्हलर ताणाला जबरदस्त आहे. घासलं की मात्र तो तुटत नाही, फुलतो. चार वेळा काठाला लागल्यावर आमच्या टोकाला कापसासारखी लव आली. पॉलिश पेपर मारला तर लव आणखी वाढली. उन्हाने रंग पिवळ्याचा तपकिरी झाला तो वेगळाच. आणि फेल्ट रेझिन इतकं पितं की तो तुकडा जाड, जड आणि कडक होतो. पुढच्या टोकाला त्याची कड बोटाच्या पेराएवढी वर राहिली होती, आणि वल्हवताना तिथे पाणी सतत खळखळायचं. शांत तलावावर पहाटे जाऊन कानाशी तो आवाज ऐकायचा म्हणजे फार त्रास. शेवटी हीट गनने गरम करून पटाशीने काढला, तर खालचा बराच जेलकोट सोबत आला.

मध्ये एक चिकटपट्टीसारखी प्लास्टिकची जाड पट्टीही लावून पाहिली. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तिच्या कडा सुटल्या, खाली मुरूम शिरला. तो विषय तिथेच संपला.

कूलरवाल्या भाऊंकडे मी नावेसाठी गेलेच नव्हते. आमच्या कूलरची टाकी कोपऱ्यातून गळत होती, ती घेऊन गेले. दुरुस्त करून दिलेला कोपरा हातात घेतला आणि पाहतच राहिले. बाहेरून गोल, आतून गोल, कुठे बुडबुडा नाही, मॅट कोपऱ्यात कुठेच उचललेली नाही. नावेचं टोक म्हणजे तरी दुसरं काय, दोन बाजूंनी वळणारा कोपराच. फोटो दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, हे त कूलरच्या कोपऱ्यासारखंच आहे. चार थर मॅट मारून देतो. दगड फुटंल, हे नाही फुटनार."

इथे आमचं थोडं वाजलं, आणि ज्यांना त्यांच्याकडे जायचंय त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांचे तुकडे-तुकडे दाबून केलेली चटई. ती रेझिन भरपूर पिते, जाड होते, आणि आपटली की ठिसूळपणे तडकते. कूलरला चालते, कारण कूलर कोणी दगडावर ओढत नाही. मला हवं होतं विणलेलं काचेचं कापड, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), तीन थर, आणि रेझिन पॉलिस्टर नाही, इपॉक्सी, ही रेझिनची वेगळी जात. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी घट्ट धरतं, नव्या पॉलिस्टरची जुन्यावरची पकड तितकी नसते. भाऊंनी इपॉक्सीला कधी हात लावला नव्हता. पण त्यांनी सरळ सांगितलं, "सामान तुम्ही आणा, कसं करायचं ते सांगा, हात माझा चालन." मला हा माणूस तिथेच आवडला.

सामान इतवारीतल्या केमिकलच्या दुकानातून घेतलं. किलोभर रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर, तीन मीटर कापड, ग्राफाइट पावडर, अॅसिटोन. केव्हलरचं वीतभर कापड एका ओळखीच्यांकडे पडून होतं ते मागून घेतलं, कारण ते बाहेर नाही तर आतून लावायचं होतं. टोक दगडावर आपटलं की तळ आत दबतो, आणि आतल्या बाजूला ताण येतो. ताणाला केव्हलर, घासण्याला काच. ही वाटणी एकदा समजली की पुढचं सगळं सोपं जातं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कापड टोकावर बसवायचं तर ते सरळ कापून चालत नाही, दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. धाग्यांच्या तिरकं, ४५ अंशात कापावं लागतं. मी वर्तमानपत्राचा पानाच्या आकाराचा नमुना करून नेला होता आणि भाऊंना हे समजावत होते. त्यांची बायको शेजारच्या खोलीत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. ती आतूनच म्हणाली, "उरेब पाहिजे न तुम्हाले?" बाहेर आली, नमुना कापडावर तिरका ठेवला, खडूने आखला आणि तीन आकार, लहान, मधला, मोठा, असे एका दमात कापून दिले. एक धागा सुटला नाही. गळ्याची पट्टी जशी वळणावर बसते, तसं ते कापड टोकावर बसलं. केव्हलरच्या वेळी मात्र तिची चांगली कात्री चालेना, धागे पात्यातून निसटायचे. शेवटी भाऊंनी पत्रा कापायची कात्री आणून तो तुकडा कुरतडल्यासारखा कापला.

त्याआधी तयारी. अॅसिटोनने पुसून मग घासायचं, हा क्रम महत्त्वाचा. आधी घासलं तर वरचं मेण आणि तेल ओरखड्यांत रगडलं जातं आणि मग थर धरत नाही. भाऊंच्या पोऱ्याने पहिल्याच झटक्यात मशीन लावली होती, त्याला थांबवलं. भाऊंनी त्याला नीट समजावलं, रागावले नाहीत. त्यांच्या दुकानात आणखी एक गोष्ट पाहिली ती सांगायलाच हवी. पॉलिस्टर जमवणारं कॅटॅलिस्ट आणि त्याला वेग देणारं कोबाल्ट हे दोन डबे दुकानाच्या दोन टोकांना ठेवलेले. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट, आणि दोन्हीला एकच चमचा कधीच नाही. नवीन पोऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणाले. असं दुकान दिसलं की माझा विश्वास बसतो.

इपॉक्सीशी त्यांची ओळख व्हायला मात्र एक मग खर्ची पडला. पॉलिस्टरमध्ये ते कॅटॅलिस्ट अंदाजाने घालतात, मे महिन्यात कमी, डिसेंबरात जास्त, आणि वीस वर्षांच्या हातामुळे ते बरोबर जमतं. इपॉक्सीत ती मुभा नाही. आमच्या रेझिनला वजनाने दहाला एक हेच प्रमाण, ना कमी ना जास्त. हार्डनर वाढवल्याने लवकर सुकत नाही, उलट कच्चं राहतं. मी स्वयंपाकघरातला छोटा काटा नेला होता. "इतकं कायले मोजता मॅडम?" असं म्हणत त्यांनी मोजलं तर खरं, पण चारशे ग्रॅम एकदम एका मगात कालवलं. इपॉक्सी जमताना स्वतःच तापतं, आणि मगात ढीग असला की उष्णता बाहेर जायला वाट नसते. दहा-बारा मिनिटांत मगातून धूर आला आणि अख्खा मग एका बाजूला झुकला. तो त्यांनी चिमट्याने उचलून वाळूत ठेवला. नंतर शंभर-शंभर ग्रॅम कालवून पसरट ताटलीत ओतलं, ते पुरेसा वेळ पातळ राहिलं. हे ऑगस्टात, तीसेक अंशांत. मे महिन्यात नागपुरात इपॉक्सीचं काम काढूच नका. तसंही तेव्हा भाऊ तुम्हाला उभं करणार नाहीत. फेब्रुवारी ते जून त्यांच्या दुकानात कूलरशिवाय कशालाच जागा नसते.

थर बसवताना लहान तुकडा खाली, मोठा सगळ्यात वर, म्हणजे खालच्या कडा झाकल्या जातात आणि पायरी राहत नाही. रेझिन ब्रशने नाही, रोलरने दाबून दाबून, कापड काचेसारखं पारदर्शक होईपर्यंत. त्यावर अस्तराचं पॉलिस्टर कापड ताणून लावलं. हे कापड रेझिनला चिकटत नाही, जास्तीचं रेझिन वर शोषून घेतं, आणि दुसऱ्या दिवशी सोलून काढलं की खाली एकसारखा, थोडा खरखरीत पृष्ठभाग मिळतो. यासाठीचं तयार परदेशी कापड, पील प्लाय, महाग मिळतं. गांधीबागेतलं साधं, बिनाचकाकीचं अस्तर मीटरभर घेतलं, आधी पुठ्ठ्यावर लावून पाहिलं, चाललं. भाऊंनी सोलताना तो चर्रर्र आवाज ऐकला, खालची सपाट जागा पाहिली आणि म्हणाले, आता कूलरलाही हेच करतो.

आता कापलेला एक गुण. शेवटचे दोन हात ग्राफाइट मिसळलेल्या इपॉक्सीचे होते. ग्राफाइटने जागा गुळगुळीत होते आणि ऊनही अडतं. ते देण्याआधी खालचा थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायला मी सांगून गेले होते. पावसाळी दमट हवेत अशा इपॉक्सीवर साबणासारखा एक पातळ थर येतो, तो धुतल्याशिवाय पुढचा हात नीट धरत नाही. मागचं टोक मी उभी असताना झालं, ते धुतलं. पुढचं टोक मी नसताना झालं, ते फक्त कापडाने पुसलं. पंधरा दिवसांत तिथे काळा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला. परत नेली तेव्हा एक शब्द न बोलता भाऊंनी घासून पुन्हा करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण नाव वाहून नेण्याचा व्याप माझ्याच वाट्याला आला. शिवाय मास्किंग टेप घाईत लावल्यामुळे पांढऱ्या बाजूवर दोन काळे ओघळ कायमचे राहिले. आणि आठ दिवसांचं सांगितलेलं काम सतरा दिवसांनी मिळालं. त्यात पोळा आला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, त्या दिवशी इतवारी-महाल सोडून कोण कामावर बसणार? ते मी धरत नाही. उरलेले दिवस मात्र धरते.

खर्च: सामान साधारण २,६०० रुपये, मजुरी २,८००. नावेचं वजन सहाशे ग्रॅमने वाढलं. फेल्टच्या वेळी ही वाढ दीड किलोवर गेली होती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी अकरा वेळा पाण्यावर गेलो. त्यात सात वेळा पिचिंगवर उतरलो, दोनदा कन्हानच्या वाळूत. पुढच्या टोकाला फक्त ओरखडे आहेत. मागच्या टोकाला रुपयाच्या नाण्याएवढी जागा ग्राफाइटमधून उघडी पडून करडी झाली आहे, पण कापड अजून दिसत नाही. लव नाही, कड नाही, पाण्याचा आवाज नाही. हाताला आणि पांढऱ्या कपड्यांना सुरुवातीचे काही दिवस थोडी काळी लागते, तेवढं सांभाळा.

माझे बाबा मूळचे पवनीचे, वैनगंगेच्या काठचे. ८१ वर्षांचे आहेत. नाव घरी आली तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले, मागच्या टोकावरून हात फिरवला आणि म्हणाले, ढिवरांच्या डोंग्याला बी मागच्याच बाजूले पत्रा ठोकलेला राहे. मी लहानपणापासून ते डोंगे पाहत आले होते आणि पत्रा मागेच का, हे कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी पाऊण तास सांगितलं: लाकूड कोणतं, खिळे किती जवळ, आणि पत्रा पुढे मारला तर जाळं अडकतं म्हणून पुढे मारत नसत. मी वहीत लिहून घेतलं.

कोणाला जायचं असेल तर इतकं लक्षात ठेवा. तुमची होडी फायबरची असेल तरच न्या. रंगीत प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिनची कयाक असेल तर नेऊ नका, तिला इपॉक्सी धरत नाही, आठवडाभरात तुकडा सुटून हातात येईल. सामान स्वतः घ्या, वजनकाटा सोबत न्या, आणि धुण्याच्या वेळी तिथे हजर राहा. वरून पांढरा जेलकोट मारून द्या असं सांगू नका, इपॉक्सीवर जेलकोट नीट सुकत नाही. नंबर इथे देत नाही, भाऊंनी नको म्हटलंय. जुलै सुरू झाला की वाठोड्याकडे जा, उलटे ठेवलेले कूलर जिथे रांगेने दिसतील तिथे विचारा. मीही तेव्हा मागच्या टोकाला ग्राफाइटचा आणखी एक हात द्यायला जाणार आहे, आणि उरेब कापायची असेल तर ताईंना आधी फोन करून जाईन, कारण गणपतीआधी त्यांच्याकडे ब्लाऊजचा ढीग असतो.